बडीशेपेचं सरबत आणि कॉफीच्या तीन बिया

साठच्या आसपासची गोष्ट. आमच्या शांताला चिखलदऱ्याच्या शाळेत नोकरी लागली, आणि तिचे वडील, म्हणजे माझे मामा, महिनाभर अकोल्यात छाती काढून हिंडले. मग एक दिवस मला म्हणाले, "चाल सुमे, पोरीचं बिऱ्हाड पाहून येऊ." मी एका पायावर तयार.

अकोल्याहून अमरावती, तिथून परतवाडा, पुढे घाट. पोट ढवळत असेल तर एसटीत मागे बसू नका, अनुभवानं सांगते. भाकरी-ठेचा परतवाड्याच्या स्टँडवरच खाऊन घ्यावा. वर हवा अशी गार, की मामांनी लढाईतला जुना कोट चढवला.

लढाईत मामा पलटणीची लॉरी चालवत इटलीत होते. तिथं एका शेतकरणीनं त्यांना आपल्या टेबलाशी बसवून सांबुका दिली. सांबुका म्हणजे बडीशेपेच्या वासाची गोड दारू. तिच्यात भाजलेल्या कॉफीच्या तीन बिया टाकतात: एक तब्येतीची, एक सुखाची, एक बरकतीची. दोन किंवा चार चालत नाहीत. तेव्हा तिकडे कॉफी औषधालाही मिळत नव्हती, तरी त्या बाईनं डब्यातून तीन काढल्या. "गावात मले वरून पाणी ओतत होते," मामा सांगत, "अन् तिनं आपल्या हातानं गिलास माह्या हातात देल्ला."

छप्पन साली मामांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दारू सुटली. पण पोरीच्या घरी पाहुण्याला तसाच मान द्यायचा, हे मामांनी ठरवूनच ठेवलं होतं. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बाजारातून बिया आणल्या, शांतानं तव्यावर भाजल्या. मी बडीशेप वाटून खडीसाखरेचं सरबत गाळलं.

पाहुणे म्हणजे शांताचे हेडमास्तर. शाळेतलं कुणी तोवर तिच्याकडे पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मामांनी चारचौघांत बोलावलं म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नसावं. मामांनी तिन्ही बियांचा अर्थ सांगून गिलास पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"मी बाहेरचं काही घेत नाही."

"सकाळी तं हॉटेलात चहा पिऊन राहिले होते तुमी," मामा म्हणाले.

हेडमास्तरांनी टोपी हातात घेतली. माझं डोकं असं तापलं होतं, की मी काहीतरी बोलून शांताच्या नोकरीची वाट लावली असती. तेवढ्यात शांता उठली. तिनं तो गिलास उचलला, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून सावकाश संपवला आणि तिन्ही बिया चावून खाल्ल्या.

"वाया कशाला घालवायचं, सर?" ती म्हणाली. "उद्या शाळेत भेटूच."

ते टोपी घालून निघून गेले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि शांताचा मला असा अभिमान वाटला, की आज लिहितानाही ऊर भरून येतो.

दऱ्या, धुकं, सगळं बघून अकोल्याला परतलो. त्यातलं आता फारसं आठवत नाही. शेजाऱ्यांनी ओट्यावरच गाठलं, चिखलदऱ्यात काय काय पाह्यलं म्हणून.

"हेडमास्तर पाह्यला," मामा म्हणाले. "भरला गिलास समोर होता, अन् बिचारा तहानलेला घरी गेला."