जमादारच्या तोंडातला खूर

आमच्या वस्तीत कुत्र्याला 'तुमी' म्हणणारा एकच माणूस होता, देवमनकाका. बायकोला तो 'तू' म्हणायचा, पुतण्यांना 'काय बे' म्हणायचा, पण कुत्र्याला मात्र "जमादारसाहेब, बसा." आणि ते तांबडं, एका कानानं फाटकं कुत्रं खरोखरच बसायचं. केशरकाकू चुलीपुढून म्हणायची, "पुढच्या जन्मी कुत्रं व्हावं म्हनते मी. निदान मान तं भेटन." आणि मग, बौद्ध झाल्यावर आता पुढचा जन्म मानायचा नाही, हे आठवून जीभ चावायची.

काकाचं शेत तीन एकर, पातूरच्या वाटेवर. हाडं, कातडी, शिंगं यांतलं त्याला फार कळायचं, कारण पिढ्यान्‌पिढ्या गावानं तेच काम आमच्या लोकांच्या गळ्यात बांधलेलं होतं. त्या कळण्याचा त्यानं एकच आनंदाचा उपयोग केला: कुत्र्याला चावायला काय द्यायचं, हे त्याच्याइतकं कोणी ठरवू शकत नसे.

"कुत्र्याले चावाले काही ना काही लागतेच," तो सांगायचा. "नाई देलं तं थे तुही वहान खाईन, नाई तं खाटेचा पाय. पन काय देता त्याच्यावर हाय. शिजलेलं हाड देऊ नोको, त्याच्या सुया होतात, आतडं फाडतात. तोंडात पुरं मावन असं देऊ नोको, गिळते आन मरते. आन सगळ्यात मोठी गोठ..." इथे तो उजव्या हाताचा अंगठा वर करायचा. त्याचं नख काळं, जाड आणि मधोमध चिरलेलं होतं. "दाबून पाहाचं. नख रुतलं तं द्याचं. नाई रुतलं तं समजाचं का हे दाढ फोडते."

ते नख काळं झालं त्याचीही एक हकिगत होती. खुशालराव म्हणजे काकाच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेला शेतकरी. जात वेगळी, पण लहानपणी दोघांनी एकाच नाल्यात म्हशी धुतलेल्या. काकाकडे बैल नव्हते. खुशालरावचे बैल काकाच्या शेतात चालायचे आणि त्या बदल्यात काका खुशालरावकडे राबायचा. अशी सावड वर्षानुवर्षं होती. त्यातला चांद्या नावाचा बैल सडकेवर गाडी ओढायचा, म्हणून त्याला नाल ठोकावी लागे, आणि ठोकताना मागचा पाय धरायला काकाच हवा. एकदा चांद्यानं झटका दिला, खिळा तिरपा घुसला आणि खुराखाली काकाचा अंगठा सापडला. काका ते नख दागिन्यासारखं मिरवायचा. गावात चारचौघांत तो त्याला 'खुशालराव, तुमी' म्हणायचा. शेतात दोघंच असले की 'खुशाल, लेका.'

छप्पनच्या दसऱ्याला काका नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचा तुकडा वस्तीत आणायचा नाही. ठरावाला पहिला हात वर झाला तो काकाचा, काळ्या नखाचा.

अडचण एवढीच झाली की जमादार नागपूरला गेला नव्हता.

नाल्यापलीकडच्या जुन्या जागेवरून तो रोज एखादं हाड उचलून आणायचा आणि ऐन वस्तीच्या मधोमध, जिथे आम्ही नवा झेंडा लावला होता, तिथे बसून कडाकडा फोडायचा. गावातल्या हाटेलात त्यावर बशीबशीनं चहा खपला. "मानसं बदलली, पन कुत्रं नाई बदललं राजेहो!" हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं माहीत नाही, पण नंतर प्रत्येकानं ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

शेषराव आमच्या वस्तीचे वडीलधारे. ते कमी बोलायचे, पण बोलले की खिळा ठोकल्यासारखं. त्यांनी काकाला सगळ्यांसमोर विचारलं, "देवमन, कुत्र्याचं काय करतं?"

काका उठून उभा राहिला. "म्या त्याले चावाले दुसरं काही देतो. हाडाची याद येनार नाई असं. आन याच्याउपर एक तुकडा जरी वस्तीत आला, तं मी सोता माह्या हातानं त्याले वस्तीबाहेर करीन. हा माहा शब्द."

केशरकाकूनं कपाळाला हात लावला. लेकरं नसलेल्या त्या घरात कुत्रं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. सल्ला द्यायला खुशालराव होताच. बाभळीची काडी दे म्हणाला. जमादारच्या टाळूत कुसळ रुतलं आणि काकानं ते चिमट्यानं काढलं. नारळाचं सोडण दे म्हणाला. त्याचे धागे घशात अडकून कुत्रं असं खोकलं की केशरकाकू रडायला लागली. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, बुंधा काकानं नख लावूनच फेकून दिला. वाळकी भाकर जमादार दोन घासांत संपवायचा आणि चावणं झालंच नाही अशा चेहऱ्यानं बघायचा.

शेवटी केशरकाकूनंच मार्ग काढला. रताळ्याच्या अंगठ्याएवढ्या जाड लांब फोडी, अर्ध्या वाफवून, छपरावर चांगल्या वाळवलेल्या. वाळल्या की चामड्यासारख्या चिवट, आणि चामड्याशी काही संबंध नाही! नख लावलं की रुतायचं. जमादार एका फोडीवर अर्धी दुपार काढायचा, आणि फोड लहान झाली की काका ती त्याच्या तोंडातून काढून घेऊन नवी द्यायचा. "साहेब, हे आता गिळान तुमी. आना इकडे." सगळा हिवाळा गेला, होळी गेली, वस्तीत हाड दिसलं नाही. हाटेलवाल्यांची पंचाईत झाली. काका छाती काढून चालायला लागला.

चैत्रात चांद्या मेला.

काका धावत गेला. बैलाच्या गळ्याशी बसून राहिला, त्याचं वशिंड कुरवाळत. पण ओढायला हात लावायचा कसा? शब्द दिलेला. त्याची ती घालमेल बघून खुशालरावच म्हणाला, "देवमन, तू हात नोको लावू. तुहा शब्द हाय. मी छातीइतका खड्डा करून आपल्याच वावरात गाडतो त्याले."

हे काकानं वस्तीत येऊन किती जणांना सांगितलं असेल! "दोस्त असावा तं असा. सोता म्हनला, तुहा शब्द हाय." ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं. शेषराव नुसते हूं म्हणाले.

त्यानंतर जमादार रताळं अर्धवट टाकून द्यायला लागला. काकासोबत शेतात जायचा आणि दुपारभर खुशालरावच्या गोठ्याकडे दिसेनासा व्हायचा. काकाला काळजी. शेतात धुऱ्यावर बसून त्यानं खुशालरावलाच विचारलं, "खुशाल, याले काय झालं असन बे? खातच नाई."

"उन्हाया हाय गड्या," खुशालराव म्हणाला. "मानसं जेवत नाईत, कुत्र्याचं काय घिऊन बसला?"

"व्हय, तेई खरंच हाय," काका म्हणाला, आणि आपल्या शिदोरीतली चटणी त्याला वाढली.

वैशाख पौर्णिमा आली. वस्तीतली ती पहिली बुद्धजयंती. अकोल्याहून एक शिक्षक पाहुणे आले होते, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले. सगळी वस्ती सारवलेली, समोर तसबीर, मेणबत्त्या, फुलं. काका पहिल्या रांगेत. सगळे डोळे मिटून सरण म्हणत होतो. तिसऱ्यांदा म्हणून डोळे उघडले, तर जमादार पाहुण्यांच्या समोर उभा. शेपटी हलवत. तोंडात ढोराचा वाळका खूर. त्यानं तो पाहुण्यांच्या पायाशी अदबीनं ठेवला आणि बक्षिसाची वाट बघत बसला.

कुंपणापलीकडून हसू फुटलं. हाटेलातली चार डोकी तिथे आधीच येऊन उभी होती. कुत्रं काय आणणार आहे हे ठाऊक असल्यासारखी.

काका उठला. त्यानं खूर उचलला. एखाद्यानं तो लाजेनं फेकून दिला असता. काकानं तो उलटा केला. नाल काढून घेतलेली होती, पण खिळ्यांची भोकं तशीच होती. त्यातलं एक तिरपं. काकानं त्या भोकावर काळ्या नखाचा अंगठा ठेवला. वरचा कापही त्यानं पाहिला. कुऱ्हाडीचा, सरळ होता तो. छातीइतक्या खोल मातीतून कुत्र्यानं उकरलेला खूर असा नसतो.

"देवमन," शेषराव हळूच म्हणाले, "आज नाई. पाहुने जाऊ दे."

"शब्द आजचाच हाय," काका म्हणाला. त्यानं जमादारच्या गळ्यात दोर बांधला. केशरकाकू पदर तोंडात धरून दारात उभी राहिली, पण अडवलं नाही.

खुशालराव शेतातल्या गोठ्यापुढच्या निंबाखाली बसला होता. काका दिसताच उठला. "काय देवमन, जमादारानंई सरन घेतलं म्हने आज!"

काकानं खूर त्याच्यासमोर धरला. "हे चांद्याचं हाय."

"आता कुत्र्यानं कुठून तरी उकरून..."

"गाडला होता ना तुमी? छातीइतका खोल?"

शेतात दोघंच होते, आणि काका 'तुमी' म्हणाला होता. खुशालरावच्या ते लक्षात आलं. तो खाली बघत बोलायला लागला. खड्डा कोण खणणार होतं एवढा? बाहेरगावचे लोक बोलावले, त्यांनी सोलून नेला. खूर पडले होते. हाटेलात गोष्ट निघाली, की देवमनचं कुत्रं खरंच बदललं का, पाहू. "मजाक केली गड्या. एवढ्याशा गोठीनं काय होते?"

"माहा शब्द काय होता, थे मालूम होतं तुमाले."

"कुत्र्यासाठी एवढं?"

गोठ्यात चांद्याचा खुंटा रिकामा होता. त्याला काकानं जमादारचा दोर बांधला, खूर पुढ्यात टाकला. "हे तुमचं. खूरई तुमचा आन कुत्रंई तुमचं."

धुऱ्यापर्यंत येऊन काका थांबला. कुत्रं विव्हळेल, निदान एकदा भुंकेल, असं त्याला वाटलं असावं. जमादारसाहेबांना वेळ नव्हता. पंजांत खूर धरून ते कामाला लागले होते.

त्या साली काकानं सावड मोडली. शेषरावांच्या बैलांनी उशिरा पेरलं, आणि पीकही तसंच मागं पडलं. हाटेलातून वस्तीला सगळं कळलं होतं, पण खुशालरावचं नाव काकानं काढलं नाही. आम्ही पोरं टोचून बघायचो, "काका, दोस्त असावा तं असा, नाई?" तो हसायचाही नाही. मग आम्हीच थांबलो. केशरकाकू मात्र पावसानं उघडीप दिली की छपरावर रताळी वाळवतच होती. कोणासाठी, असं कोणी विचारलं नाही.

पोळ्याच्या दिवशी खुशालराव वस्तीत आला. हातात दोर, दोराला जमादार. अंग गळालेलं, एका बाजूनं जबडा सुजलेला, तोंडातून लाळ.

"देवमन," त्यानं बाहेरूनच हाक दिली. "चार दिस झाले, काई खात नाई हे."

काका बाहेर आला. "काय म्हनता खुशालरावजी." मग उकिडवा बसला, जमादारचं तोंड उघडलं. कुत्र्यानं त्याचा हात चाटला. वरची मोठी दाढ उभी चिरलेली होती.

"खूर देत होते रोज?"

"त्याले आवडे ना."

"नख रुतत होतं त्याच्यात?"

खुशालरावनं नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याचं नख गुलाबी आणि साबूत होतं.

"पातूरले ढोराच्या दवाखान्यात न्या, दाढ काढा लागन," काका म्हणाला. "तंवर भाकर दुधात कुस्करून द्या. कडक काही नाई."

शेषराव आपल्या दारातून बघत होते. ते चालत आले, आणि कमी बोलणारा तो माणूस म्हणाला, "देवमन, राहू दे त्याले इथं. वस्तीचं काई म्हननं नाई. आमाले सगळं समजलं हाय."

जमादार काकाच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता.

"म्या शब्द देला होता दादा," काका म्हणाला. "तुकडा कोनामुळं वस्तीत आला, थे दुसऱ्याची गोठ. शब्द पाळाचा मलेच हाय."

केशरकाकू आत गेली आणि रताळ्याच्या फोडींचं गाठोडं घेऊन आली. काकानं त्यातली एक काढून नखानं दाबली, रुतली, परत ठेवली. गाठोडं खुशालरावच्या हातात दिलं. "दाढ बरी झाल्यावर. फोड लहान झाली का तोंडातून काढून घ्या."

"देवमन, येत्या पेरनीले बैल..." खुशालरावनं सुरुवात केली.

काकानं पाय हळूच सोडवून घेतला. "निंगा आता, जमादारसाहेब."

जमादार हलला नाही. खुशालरावनं दोर ताणला, तसा काका दारातून म्हणाला, "वढू नोका. दुखऱ्या जबड्याले फास बसते. उचलून न्या."

तर ऐन पोळ्याच्या दिवशी, सजवलेल्या बैलांच्या गर्दीतून, खुशालराव लाळ गळणारं तांबडं कुत्रं छातीशी धरून भर गावातून गेला. वाटेत हाटेल होतंच. तिथे लोक काय काय म्हणाले, ते मी उभा राहून ऐकलं आणि काकाला सांगायला पळत आलो. काका छपरावर चढला होता, उरलेली रताळी उतरवत. मी तोंड उघडलं, तशी त्यानं टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "धर नीट. याची भाजी करतो म्हनते तुही काकू."