टेपताईचे दोन आकडे

किल्लीकाकांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली फट. गिऱ्हाईक आत आलं की काकांनी पोट आत घ्यायचं, आणि गिऱ्हाईकच भरल्या अंगाचं असलं तर काकांनी सरळ रस्त्यावर यायचं. एका भिंतीवर किल्ल्या, तीनेकशे तरी असतील. समोरच्या भिंतीला फळी, फळीवर उघडे पडलेले फोन, वायरींचा गुंता आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. अख्खी हयात कुलपांत गेलेला हा माणूस साठीला टेकल्यावर फोनच्या नादाला कसा लागला, त्याचीच आधी गंमत ऐका.

एकदा काकांनी गुडघेदुखीवर काय करावं ते फोनवर शोधलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून जिकडे बघावं तिकडे गुडघे. गुडघ्याचे पट्टे, गुडघ्याची तेलं, आणि एका जाहिरातीत तर चाकांची खुर्ची. काकू हसून म्हणाल्या, "तुमचे गुडघे जगजाहीर झाले हो. मला लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं, त्यांना एका दिवसात!"

काकूंना हसू आलं, पण काकांना जेवण गेलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. आपल्या घराची किल्ली कुणाकडे तरी आहे, आणि ती आपण बनवून दिलेली नाही. चाळीस वर्षं लोकांना कुलपं बसवून देणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा अपमान कोणता?

काकांची लेक परगावी कॉम्प्युटरच्या कामात होती. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं बापाच्या फोनमधली कंपनीनं भरून दिलेली सगळी यंत्रणा काढली आणि दुसरीच बसवली. ही यंत्रणा कुणाला चुगल्या सांगत नाही. खातं उघडा म्हणून मागे लागत नाही. आणि प्रत्येक ॲपनं दारात उभं राहून विचारायचं, कॅमेरा बघू का, नंबर बघू का? तुम्ही नाही म्हणालात की त्यानं गप्प बसायचं.

"म्हणजे आतल्या प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप!" काका जवळजवळ ओरडलेच.

"तसंच समजा, बाबा."

"अगं मग हे आधी का नाही सांगितलंस?"

लेकीची सुट्टी संपेपर्यंत काकांनी तिला पाणीसुद्धा निवांत पिऊ दिलं नाही. एकेक पायरी ठसठशीत अक्षरात वहीत उतरवली. कुठल्या फोनवर ही यंत्रणा बसते आणि कुठल्यावर नाही, वायर कधी लावायची, कधी श्वास रोखून बसायचं, सगळं. आणि महिन्याभरात दुकानाबाहेर किल्लीच्या चित्राशेजारी फोनचं चित्र आलं.

माणूस कामात चोख. गिऱ्हाईक आपला आकडा घालायला लागलं की काका भिंतीकडे तोंड करून उभे राहत. किल्ली फिरवणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. एकच खोड होती. दाराला हवीत त्यापेक्षा जास्त कुलपं घालायची. घरी साखरेच्या कपाटाला कुलूप, टपालपेटीला दोन. एकदा त्यांनी सकाळी गच्चीच्या दाराला आपोआप बंद होणारी कडी बसवली आणि सांगायलाच विसरले. काकू कपडे वाळत घालायला गेल्या त्या वरच. संध्याकाळी काका घरी आले तेव्हा वरून आवाज आला, "कपडे वाळले, आता मी वाळतेय!"

तर अशा या काकांकडे एक दिवस टेपताई आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात सदानकदा मापाची टेप, म्हणून टेपताई. ती टेप झोपताना तरी काढते की नाही याबद्दल गल्लीत दुमत होतं.

"काका, माझ्या फोनात बायकांची मापं आहेत," तिनं आल्या आल्या सांगितलं. "आधी वहीत असायची. वही भिजली तेव्हापासून फोनात लिहिते. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचं ऑपरेशन झालेलं, त्याप्रमाणे कापड कुठे सैल ठेवायचं, सगळं. बायका मला विश्वासानं सांगतात. नवऱ्याला सांगत नाहीत ते मला सांगतात. आणि परवा बघते तर फोन आपल्या मनानं हे सगळं कुठेतरी वर चढवून ठेवतोय. कोण बसलंय तिथे?"

काकांचे डोळे चमकले. हे गिऱ्हाईक त्यांच्या जातकुळीचं होतं. तासाभरात जुनी यंत्रणा गेली, नवी आली, मापं जागच्या जागी बसली. वर चढवणं बंद. आता जे काही होतं ते फक्त त्या फोनात.

काम इथे संपलं होतं. पण काका इथे थांबले असते तर ते काका कसले?

"यात आणखी एक सोय आहे," ते म्हणाले. "दोन आकडे ठेवता येतात. एकानं फोन उघडतो. दुसरा घातला तर सगळं क्षणात पुसून जातं, कायमचं. उद्या कुणी मानगुटीवर बसलं, उघड म्हणालं, तर दुसरा घालायचा."

"माझ्या मानगुटीवर कोण बसणारे काका? मी परकर शिवते."

"असू द्यावं हो ताई. असलेलं बरं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. टेपताईनं दोन आकडे घातले. तिचं डोकं मापांनी भरलेलं, तिला दुसरे आकडे सुचणार कुठून? उघडायला आईचं माप, छाती, कंबर, बाही. आणि पुसायला सासूचं.

पुढे दोन महिन्यांनी टेपताईला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. इस्पितळाची नवी इमारत सुरू होणार होती, त्रेचाळीस नर्सांचे गणवेश हवे होते. कारखान्याचा माणूस तयार माल घेऊन दारातच उभा होता, लहान, मध्यम, मोठा. पण मेट्रनबाई ठाम. "माझ्या पोरी दिवसभर वाकतात, उचलतात, धावतात. अंगाच्या मापाचं हवं. मात्र महिन्याच्या आत. उशीर झाला तर मग मला त्या माणसाला हो म्हणावं लागेल."

तीन आठवडे टेपताई पाळ्यांच्या वेळा सांभाळून इस्पितळात जात राहिली. बेचाळीस झाल्या. शेवटी खुद्द मेट्रनबाई.

"अडतीस," टेप ओढत ताई पुटपुटली. "छत्तीस... बाही एकवीस." विसरू नये म्हणून तेच घोळवत तिनं फोन हातात घेतला. फोननं आकडा मागितला. बोटं जिभेच्या मागोमाग गेली. अडतीस, छत्तीस, एकवीस.

सासूबाईंचं माप तंतोतंत तेच होतं.

पडदा काळा झाला. मग उजळला, आणि नव्या कोऱ्या फोनसारखा तिला म्हणाला, तुमचं स्वागत आहे.

टेपताई धावतच दुकानात आली. टेप मागे लोंबत होती. "काका, फोन बिघडला. मला काहीच दिसत नाही. तुम्ही तर कसलंही कुलूप उघडता. उघडा ना."

काकांनी फोन हातात घेतला मात्र, त्यांना कळून चुकलं. पुसलेलं परत येत नसतं. तीच तर त्या सोयीची थोरवी, जी ते कौतुकानं गल्लीभर सांगत फिरत. बरं, कुठे दुसरी प्रत ठेवा म्हणून सांगावं, तर तेही त्यांना सुचलं नव्हतं. बाहेर काही जाऊ नये या नादात आतलंच एकुलतं एक राहिलं होतं.

यातून सुटका सहज होण्यासारखी होती. फोन जुना होता ताई, असं म्हटलं की संपलं. तिला काय कळणार? भिंतीवरच्या तीनेकशे किल्ल्यांकडे काकांनी उगाच एक नजर टाकली. मग स्टुलावरून उठले.

"फोन ठीक आहे," ते म्हणाले. "तुमच्या हातून दुसरा आकडा गेला. पण चूक माझी आहे. तो आकडा तुम्हाला नकोच होता. तुम्ही तसं म्हणालाही होतात. मला हौस होती."

टेपताईनं शेवटचे आकडे बोटांवर पुन्हा मोजले. "अडतीस छत्तीस एकवीस." आणि सगळा प्रकार ध्यानात येऊन ती कपाळावर हात मारत मटकन खाली बसली. "जिवंतपणी नाही जमलं ते म्हातारीनं आता करून दाखवलं!"

हसली आणि हसता हसता रडली. नऊ दिवस उरले होते.

"नर्सांना काय सांगू? मापं हरवली म्हणू? त्या विचारतील, गेली कुणाकडे?"

"कुणाकडेच गेली नाहीत," काका म्हणाले. "एवढं मी छातीठोक सांगतो. तेवढंच सांगू शकतो."

ताईनं डोळे पुसले. "बसून काय होणार? एकटीनं मापं घ्यायची, लिहायची, तर परत तीन आठवडे. लिहायला माणूस हवा. बंद करा दुकान."

काकांनी दुकान तीन दिवस बंद ठेवलं. हे तर काकूंच्या बाळंतपणातही झालं नव्हतं, असं काकू अजून सांगतात.

इस्पितळात कपडे बदलायच्या खोलीबाहेर काका स्टूल टाकून बसले. दार लोटलेलं. ताईनं नर्सांना खरं काय ते सांगितलं होतं. दोघी-तिघी कुरकुरल्या, एक म्हणाली, "पुसली गेली ते परवडलं बाई, पसरली असती तर?" मग बाकीच्याही रांगेत आल्या. ताईनं प्रत्येकीला एक क्रमांक दिला, नावांची चिठ्ठी आपल्या खिशात ठेवली, आणि आतून नुसतं ओरडायची, "सतरा! चौतीस, एकतीस, बावीस, उजवा खांदा खाली!" काका लिहीत. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, त्यांना पत्ता नाही. वही त्यांच्याच मांडीवर आणि आतला माणूस त्यांनाच माहीत नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की तीसच्या जागी बावन्न लिहून बसले.

आतून ताईचा आवाज आला, "वाचून दाखवा."

"बावन्न."

आत एकच खिदळणं उठलं. कुणीतरी म्हणालं, "काका, ती बाई आहे, पाण्याची टाकी नव्हे!"

मेट्रनबाई जाता येता बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांना चहा पाठवला. कारखान्याच्या माणसाला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण तो पुन्हा दिसला नाही. ताईनं शेजारच्या दोन शिवणाऱ्या बायका हाताशी घेतल्या, मशीन दिवसभर थांबलं नाही, आणि नवी इमारत उघडली तेव्हा त्रेचाळीसजणी अंगाच्या मापाच्या गणवेशात वाकत, उचलत, धावत होत्या.

त्यानंतर काका गिऱ्हाईकाला आधी विचारायला लागले, "लपवायचंय कुणापासून?" कंपन्यांपासून म्हटलं तर एक काम, चोरापासून म्हटलं तर दुसरं. एकजण म्हणाला, बायकोपासून. त्याला काकांनी चहा पाजून घरी पाठवलं.

टेपताई आठवड्यानं फोन घेऊन आली. "पुन्हा तसंच लावून द्या. मला तेच हवंय. पण आकडा एक."

"एकच," काका म्हणाले. आवाज जरा पडला, पण म्हणाले. ताईनं वहीतली मापं फोनात उतरवल्यावर त्यांनी त्यांची एक प्रत नखाएवढ्या कार्डावर घेऊन दिली. "ही घरी ठेवा. फोन गेला तरी हे राहील."

"दोऱ्यांच्या खणात ठेवते."

"खणाला..." काकांचा हात आपोआप भिंतीकडे गेला.

"काका!"

"नाही, मी म्हटलं, खणाला आतून जरा कापड लावा. धूळ बसते."