चॅपेलच्या भिंतीवर माझ्या टाइल्स

मंडळी, आज लंचला माझी चांगलीच पंचाईत झाली.

ऑफिसात माझ्या शेजारी यान बसतो, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या एका खेड्यातला. त्याला आमच्या वसईच्या गावातलं जुनं चॅपेल दाखवायला मी मोबाइल काढला. तिथे भिंतीला ओल यायची, म्हणून मी इथून, गल्फमधल्या रास अल खैमाहून, चकचकीत टाइल्स पाठवल्या होत्या. गल्फवाल्यांनी चॅपेलला काहीतरी चकचकीत द्यायचं, ही आमच्याकडची रीतच!

पण यानने आधी त्याच्या गावचं चॅपेल दाखवलं. दगडी भिंती, बुटका घंटामनोरा आणि शिड्यांवर चढलेले गावकरी. आजोबांच्या पिढीने हौसेने सिमेंट फासलं होतं. पाणी आत कोंडलं आणि दगड भुसभुशीत झाला. आता ही मंडळी सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावतायत.

"चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून नाही," तो म्हणाला.

मग टाइल्समधून कुठली पडणार? आमच्या भिंतीही चुन्याच्याच आहेत. मी मोबाइल गुपचूप पालथा ठेवला.

संध्याकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. चॅपेलची चावी तिच्याकडेच असते. भलतीच खूश होती. "अगं, ओल आता दिसतच नाही बघ! बाकीच्या भिंतींना पण पाठव, सणाच्या आधी लावून घेऊ."

तिला खरं कसं सांगायचं, तुम्हीच सांगा. इथे गल्फमध्ये काम टाळायचं असलं की सगळे म्हणतात तेच मी म्हणाले, "इन्शाल्ला, मावशी."

तिने लगेच हात जोडले आणि म्हणाली, "आमेन."