रक्त थांबेपर्यंत मागं

परसाकडेला रक्त पडायला लागलं तेव्हा माझी पोरगी जेमतेम चालायला शिकली होती. माहेर माझं दर्यापूरचं, सासर अकोल्याच्या जुन्या शहरात. आधी वाटलं, ठेच्यानं उष्णता झाली असेल. मग पोटात कळा सुरू झाल्या. सारखी तांब्या घेऊन धावायची आणि पडायचं काय, तर आव आणि रक्त. घाबरून मी सासूबाईंना सांगितलं आणि तिथंच घोळ झाला.

आमच्या घरी महिन्याचं बाहेर बसणं फार कडक. हे रक्त त्यातलं धरायचं की नाही, याचा सासूबाईंना उलगडा होईना. शेजारच्या दोन जाणत्या बायांना विचारलं, तर दोघींनी दोन तऱ्हा सांगितल्या. भटजींना विचारायची लाज. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "रगत थे रगत. थांबेपर्यंत मांगं बस."

मी बसले मागच्या पडवीत. आज आठवलं की डोकं फिरतं, पण तेव्हा माझीच खात्री नव्हती. महिन्याचं निदान चार दिवसांत आटोपतं. हे मेलं थांबायचं नाव घेईना.

पोरीला माझ्याकडे धाडायचं तर सासूबाई तिचं झबलं काढून धाडायच्या. उघड्या लेकराला विटाळ लागत नाही, अशी रीत. माझ्या मांडीवर ती कुडकुडत बसायची. पुढं थंडी वाढली, तिला खोकला झाला आणि धाडणं कमी झालं. मला दुखण्याची भीती नव्हती, खरं सांगते. पोर मला विसरेल, याची होती.

औषधं सगळी चालू होती. वैद्यबुवांची कुड्याची साल, पलीकडच्या गल्लीतल्या हकीमसाहेबांचं इसबगोल, शिवाय पोट साफ व्हावं म्हणून सासूबाईंचं एरंडेल. शेवटी ह्यांनी इंग्रजी दवाखान्यात नेलं. नागपूरकडून बदलून आलेले तरुण डॉक्टर होते. ही साधी आव नाही म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, भरतील आणि पुन्हा उठतीलही. कशानं झालं, ते त्यांनाही सांगता येईना. मऊ खा, तिखट सोडा आणि ते एरंडेल आधी बंद करा, एवढं बजावलं. मी धीर करून विचारलं, "हे बाहेरचं धरायचं का?" डॉक्टर ह्यांच्याकडे पाहायला लागले. मग म्हणाले, "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

घरी आल्यावर ह्यांनी आईला आतड्याचं सांगितलं, एरंडेलाचं सांगितलं. ते शेवटचं वाक्य मात्र आईसमोर काढायची ह्यांची छाती झाली नाही. मी पुन्हा पडवीत.

मग एक दिवस रक्त आपोआप थांबलं. वैद्यबुवा म्हणाले, माझी साल. हकीमसाहेब म्हणाले, माझं इसबगोल. एरंडेल सुटल्यानं थांबलं म्हणावं, तर पुढं एरंडेलाचा थेंब न घेताही ते दुखणं कितीदा तरी उठलं आणि बसलं. मला अजून काही समजलेलं नाही.

त्या दिवशी डोक्यावरून न्हाले आणि घरात आले. पोरगी चुलीपाशी आजीजवळ शेकत बसली होती. मी हात पसरले, ये म्हटलं. ती उठली, माझ्याकडे पाहिलं आणि अंगातलं झबलं ओढून काढायला लागली. ते गळ्यात अडकलं.

"राहू दे व माय," सासूबाई म्हणाल्या, "आता राहू दे."

पोरगी ऐकेना. झबलं काढूनच माझ्याकडे आली.