न थांबणारा आकडा

मीटरवरचा आकडा थांबेचना. शुद्ध पाण्यात चांदीच्या तारा बुडवून, वीज सोडून घरीच केलेलं चांदीचं पाणी ताईनं माझ्या लॅबमध्ये आणलं होतं. डॉक्टरांची औषधं सोडून ती रोज हेच पिते. म्हणाली, "पीएच तेवढा बघ गं, सात आला की झालं."

इतक्या शुद्ध, क्षार नसलेल्या पाण्यात मीटरला धरायला काही सापडत नाही, तो भरकटतो. मी ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. आकडा थांबला, पण मिठाशी चांदी मिळून पाणी दुधाळ झालं. मोजायचं होतं तेच नासलं.

ताईशी बोलतानाही हेच होतं. खरं विचारायला जावं, तर तिचं बिनसतं.

"किती आला?" तिनं ग्लासाकडे हात नेला. नखं निळसर राखाडी झाली होती. चांदी तिथवर पोचली होती, आणि ते कळायला मीटर लागत नव्हता.