तुसाच्या राखेची वीट

कोल्हापूरहून रात्रभर धावलेली एसटी नाशिकला पोचली, तेव्हा थंडीनं बोटं आखडली होती. शालिनी घ्यायला आली होती. एमएस्सीला पहिला नंबर कायम तिचा आणि दुसरा माझा. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. कारखान्यांचा विषारी गाळ सिमेंटमध्ये बांधून ठेवायचे माझे प्रयोग खर्चापायी बंद पडले होते. तेच काम हिनं भाताच्या तुसावर (साळीच्या टरफलांवर) साधल्याचं ऐकून माझा जळफळाट झाला होता. कौतुक करायला आलोय, असं मी सांगितलं. आलो होतो चूक शोधायला.

मिसळ खाऊन आधी इगतपुरीला गेलो. भातगिरणीमागे तुसाचा डोंगर होता. मालक म्हणाले, "न्या हो बाई, आमची तेवढीच जागा मोकळी होते." मी सिमेंटच्या पोत्यांसाठी किती हात जोडले होते!

दुपारी सातपूरला पोचलो. सायकलच्या हँडलांना क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका लहान कारखान्यामागे पिवळ्या गाळाचा खड्डा होता आणि कुंपणापलीकडे यमुनाबाईंचं शेत. त्यांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. पाणी मात्र लांबून आणलेलं.

"आमच्या इहिरीचं पाणी पिवळं झालंय. गुरं बी तोंड लावत नाय," त्या म्हणाल्या. "ह्या बाईंच्या इटांनी थांबंल का वो, साहेब?"

"बघू," मी म्हणालो.

शेडमध्ये शालिनीच्या करड्या विटा रचलेल्या होत्या. तुसाची राख, चुना आणि गाळ कालवून केलेल्या. वीट दगडासारखी टणक निघाली, तेव्हा मला वाईट वाटलं. मग मी तिथं विटेचे तुकडे भिजत घातलेली बरणी पांढऱ्या भिंतीसमोर धरली. पाण्यावर पुसटशी पिवळी झाक होती.

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पाठ फिरवली.

यावरचा उपायही मला माहीत होता. गप्प राहिलो असतो तर पुढच्या पावसाळ्यात तिच्या विटा नापास झाल्या असत्या. पण विषही परत त्याच विहिरीत उतरलं असतं, आणि यमुनाबाई दारात उभ्या होत्या.

"शालू, क्रोम सुटतोय. राख घालायच्या आधी गाळात हिराकस घाल."

तिनं बरणी हातात घेतली. भिंतीसमोर धरून पाहिली. मग म्हणाली, "हे मला कसं सुचलं नाही?"

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मला इतकी वर्षं लागली होती.

हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडताच पिवळा गाळ हिरवट झाला; हा हिरवा क्रोम पाण्यात विरघळत नाही. मी मुक्काम वाढवला. नव्या विटा वाळल्यावर तुकडे पुन्हा भिजवले. या वेळी पाणी नितळ राहिलं. यमुनाबाईंची विहीर निवळायला अजून बरीच वर्षं लागणार होती, पण खड्डा तरी आता रिकामा होऊ लागला.

निघताना शालिनी म्हणाली, "शोधनिबंधावर तुझंही नाव घालते."

"दुसरं ना?" मी विचारलं. ती हसली. मला हसता आलं नाही.

घाट उतरताना वाटलं होतं, चांगलं काम केलं, आता मन शांत होईल. झालं नाही. कोल्हापूरला उतरलो, घरी पिशवी टाकली आणि थेट साखर कारखाना गाठला. भट्टीवाल्याला विचारलं, "चिपाडाची राख कुठं टाकता?" आपल्याकडे तुसापेक्षा ऊस जास्त होता, आणि मला शालिनीपेक्षा चांगली वीट करायची होती.