लाल ठिपक्यांची हजेरी

परवा कर्जतच्या कॉलेजातून दोन मुली आल्या होत्या. "मॅडम, सॉफ्टवेअरच्या रचनेची मूलतत्त्वं यावर आमच्याकडे बोलाल का?" डोंबलाची मूलतत्त्वं! मला एकच तत्त्व येतं, आणि ते शिकताना नोकरी गेली ती दुसऱ्याची. मुलींना चहा पाजला, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोहोपाड्याच्या बाजूला रसायनांच्या एका कारखान्यात मी नोकरीला होते. कर्जतहून कंपनीची बस, चौकवरून धक्के खात जायची. पोचेपर्यंतच जीव शिणायचा. साहेबांनी कॉम्प्युटर नुकताच आणला होता. त्याला थंडगार खोली, दारात चपला काढायच्या, आणि बाहेर माणसं घामाने निथळतायत. हजेरीचा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तोवर हजेरी म्हणजे गेटवरचे टाइमकीपर. खालापूरकडचे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. प्रत्येक कामगाराकडे नंबराचा पितळी बिल्ला असायचा. तो दाखवून आत जायचं, आणि काका तो नंबर रजिस्टरात मांडायचे. कायम कामगारांना हजेरीचं एवढं काही नसे. पण बदली कामगाराचे, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्याचे, वर्षात दोनशेचाळीस दिवस भरले तर तो कायम व्हायचा. भरले नाहीत तर लटकलेलाच. त्यामुळे एकेका दिवसावर त्यांचा जीव असायचा.

साहेब म्हणाले, "कशाकशाची नोंद ठेवायची त्याच्या आधी कागदावर चौकटी काढा, प्रोग्रॅम नंतर." मी माणसाची एक चौकट काढली, बिल्ल्याची दुसरी. मग वाटलं, दोन कशाला? एक बिल्ला, एक माणूस. दोन्हीची एकच चौकट केली. कागद कसा लख्ख दिसायला लागला! जेवायलाही कुणी गेटबाहेर जात नसे, म्हणून वर एक नियम घातला की एकच बिल्ला एका दिवसात दोनदा आत आला, तर ती चूक समजायची आणि तो दिवस टाकून द्यायचा. टाकलेल्या दिवसांची यादी छापावी असं मनात आलं होतं. पण कशाला कागद घालवा, म्हणून सोडून दिलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मीही फुगले.

काकांकडे मी फक्त एक दुपार गेले. रजिस्टरातले रकाने उतरवून घेतले. एका नंबरापुढे काही दिवशी लाल पेन्सिलीचे ठिपके होते.

"काका, हे काय?"

"ती आमची खूण हाय गं, आवणीच्या दिवसांतली. बस जरा, सांगतो."

बस सुटायला दहा मिनिटं होती. "नंतर येते," म्हटलं आणि निघाले. नंतर कसली जातेय! खरं सांगते, एक रकाना कमी झाला याचंच मला बरं वाटलं होतं.

प्रोग्रॅम सुरू झाला, काकांचं रजिस्टर बंद झालं. आता ते नुसते नंबर आणि वेळ चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे धाडायचे. वर्ष संपलं, आणि कायम होणाऱ्यांची यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरमधून निघाली. ती नोटीस बोर्डावर लागली त्याच दिवशी एक माणूस माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. बॉयलरवरचा बदली कामगार. खालापूरच्या अलीकडच्या एका गावचा, घरी भातशेती.

"बाई, माजं नाव नाय यादीत. दिवस भरलेत माजे."

मी आकडा पाहिला. दोनशेएकतीस. "नऊ कमी आहेत," म्हटलं, "आणि कॉम्प्युटर चुकत नाही." हे वाक्य मी बोलले. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तो चिडला नाही. "आमी पन मोजलेत बाई," एवढंच म्हणाला. "बायको रोज भिंतीवर कोळशानं रेघ मारते."

त्या रेघेनं मला जागं केलं. मी त्याच्या सगळ्या नोंदी काढल्या. भाताच्या आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत नऊ दिवस असे निघाले, की त्याचा बिल्ला सकाळी एकदा आत आला होता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. नऊही दिवस माझ्या नियमानं गुपचूप खाल्ले होते. धावत काकांकडे गेले.

काका म्हणाले, "आता आलीस व्हय? अगं, आवणीला हा आलाच नाय तर बॉयलर कोन चालवणार? म्हनून अर्धा दिवस हा करतो, आन् दुपारी शेतावर जातो. मग धाकटा भाऊ त्याच बिल्ल्यावर उरलेला अर्धा दिवस भरतो. दोघांचा मिळून एकच दिवस, थोरल्याच्या नावावर. म्हनून ठिपका."

"आणि हे कोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. तुज्या कागदाला सोडून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी साहेबांकडे गेले. म्हटलं, माझा नियम चुकलाय, नऊ दिवस धरायला हवेत. साहेबांनी शांतपणे विचारलं, "बिल्ला दुपारी पुन्हा आत आला, तो घेऊन कोण आलं? लेखी द्या."

घोडं तिथंच पेंड खात होतं. लेखी दिलं तर बिल्ला दुसऱ्याला दिला म्हणून त्याचं बदलीचं कामही जाणार, भाऊ अडकणार, आणि काकांच्या निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्यामागे चौकशी लागणार. मी त्या माणसाला बोलावून सगळं सांगितलं. तो बराच वेळ बिल्ल्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"लिवू नका बाई," म्हणाला. "त्या म्हाताऱ्यानं चार वर्सं आमाला सांबाळलंय."

मी लिहिलं नाही. त्याच्या भलेपणाआड माझी चूकही झाकली गेली, आणि लाज वाटते सांगायला, मला सुटल्यासारखं वाटलं. यादीतले कायम झाले. दोन महिन्यांनी बाकीच्या बदली कामगारांना कंपनीनं घरी बसवलं, त्यात तोही गेला.

मग मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. माणसाची चौकट वेगळी, बिल्ल्याची वेगळी. संशय आला तर दिवस टाकायचा नाही, यादीत छापायचा आणि गेटवर विचारायचं. सगळं अगदी सुरेख. तपासायला म्हणून त्यात गेल्या वर्षीच्या नोंदी घातल्या. यादी निघाली, नऊ ओळींची. नऊही ओळी एकाच नंबराच्या.

ती घेऊन मी काकांसमोर बसले. या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. काकांनी चष्मा लावला, कानावरची पेन्सिल काढली आणि एकेका ओळीपुढे लाल ठिपका देत गेले. नऊ ठिपके झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

"आता जुळलं गं पोरी," म्हणाले.

त्यांच्या मागे भिंतीवर खिळ्यांची फळी होती. काम सुटलेल्यांनी परत केलेले बिल्ले तिथं टांगलेले असायचे. तो नंबर त्यात होता.